मिलिंद म्हणे, मे महिन्यात घरी जा

बहरीनमध्ये मला दोन नावं आहेत. सलमाबादच्या वर्कशॉपमध्ये, आयडी कार्डावर आणि आमच्या जयंती मंडळात मी मिलिंद. पण जुफेरच्या एका हॉटेलात, पोहण्याच्या तलावाशेजारी, शुक्रवारच्या दुपारी डोक्यावर टोपी आणि गळ्यात गिटार घेऊन उभा असलेला मी मेल. हे दुसरं नाव हॉटेलच्या मॅनेजरने ठेवलं आणि बोर्ड रंगवून झाल्यावर मला दाखवलं. मिलिंद का नको, असं विचारलं तर म्हणाला, "मेल इज मोर कंट्री." टोपी मात्र मीच घेतली, बाब अल बहरीनच्या बाजारातून. दुकानदार म्हणाला, खास अमेरिकेतून आलेली आहे. आत शिक्का चीनचा होता.

आठवडाभर मी उंच इमारतींच्या गच्चीवर चिलर दुरुस्त करतो. चिलर म्हणजे अख्ख्या इमारतीला गारवा देणारं यंत्र. ते गच्चीवर भर उन्हात असतं आणि ते बिघडतंही भर उन्हातच. शुक्रवारी, कंपनीच्या परवानगीने, मी कंट्री गाणी गायचो. कंट्री म्हटलं की आपल्या लोकांना वाटतं देशभक्तीची गाणी. आमच्या मंडळात एकाने मला सव्वीस जानेवारीला बोलावलंसुद्धा होतं.

तर कंट्री म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यातल्या, रेल्वेतल्या, ट्रकवरच्या माणसांची गाणी. सूर मोजकेच लागतात. गिटारवर तीन जागा बोटांना पाठ असल्या तरी भागतं. खरं काम गोष्टीचं असतं. आई, घर सोडणं, दारू, सोडून गेलेली बायको, न सोडणारा कुत्रा, हे सगळं त्यात येतं आणि अगदी साध्या भाषेत येतं. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत आमच्या गल्लीपलीकडे पीटर अंकल नावाचे निवृत्त गार्ड राहायचे. ते संध्याकाळी ओट्यावर बसून हीच गाणी म्हणायचे. मला शब्द कळत नव्हते. पण हा माणूस घराबद्दल काहीतरी सांगतोय एवढं कळायचं. का कळायचं, याचं मला आजही कुतूहल आहे. गिटार मी त्यांच्याकडेच शिकलो.

हॉटेलातल्या गाण्याला फार कुणी कान देत नाही, हे नवख्याला आधी सांगायला हवं. लोक जेवायला आलेले असतात. काटे-चमचे वाजतात, पोरं पाण्यात उड्या मारतात, आणि मधूनच कुणीतरी वेटरच्या हातून टिश्यू पेपरवर फर्माइश पाठवतो. त्या टिश्यूवर गाण्याचं नाव कमी आणि सॉस जास्त असतो. दमट हवेत गिटारच्या तारा सैल पडतात, हॉटेलच्या आत गेलं की पुन्हा ताठ होतात. म्हणून दर दोन गाण्यांनी कान लावून सूर जुळवावा लागतो. आमच्या बँडची मुख्य लोर्ना. फिलिपिन्सची. कीबोर्ड वाजवायची, गायची, आणि मॅनेजरशी भांडायची. मला 'कुया मेल' म्हणायची. कुया म्हणजे त्यांच्याकडे दादा.

आता खऱ्या दादांबद्दल. माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणतो. किसन त्यांचं नाव. लोको शेडमध्ये फिटर होते आणि गायन पार्टीचे कवी होते. गायन पार्टी म्हणजे पेटी, ढोलकी, बेंजो, पाठीमागे कोरस धरणारे चौघे आणि चौदा एप्रिलपासून पुढे महिनाभर गावोगावच्या जयंतीत कार्यक्रम. दादा स्वतः कमी गायचे, गाणी रचायचे. आणि गाणं कुणाचं, हे सांगायची आमच्यात एक ठरलेली रीत आहे. शेवटच्या अंतऱ्यात कवीचं नाव यायलाच हवं. दादांच्या एका गाण्याचा शेवट असा होता: किसन सांगे घरोघरी, शाळेत धाडा पोरी.

ते गाणं खूप चाललं. मी लहान असताना शेजारच्या तालुक्यात जयंतीला गेलो होतो, तर दुसऱ्याच एका पार्टीने ते गाणं धरलं. दादा खूश. मान डोलावतायत, मांडीवर ताल धरतायत. पण वेळ कमी होता, त्या गायकाने शेवटचा अंतरा गाळला आणि पुढचं गाणं सुरू केलं. तशी दादा गर्दीत उभे राहिले आणि खालूनच, माईक नसताना, शेवटचा अंतरा गाऊ लागले. लोक ओरडले, "अहो, बसा खाली!" कुणीतरी सदरा ओढला. त्यांनी अंतरा पुरा केला आणि मगच बसले. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. घरी येताना मी विचारलं, "एका नावासाठी एवढं कशाला?" दादा तोच अंतरा गुणगुणत पुढे चालत राहिले.

या घरातला मी. त्यामुळे इंग्रजीत पहिलं स्वतःचं गाणं रचलं तेव्हा शेवटच्या अंतऱ्यात हात आपोआप नावाकडे गेला.

गाणं एसीचं होतं. हसू नका, माझा धंदाच तो आहे. भुसावळचा उन्हाळा ज्यांनी सोसलाय त्यांना वेगळं सांगायला नको. मी इथे सगळ्या मनामा शहराला गारवा देतो आणि आई मे महिन्यात ओला पदर डोक्यावर घेऊन बसते, हे मला फार लागायचं. म्हणून एका हिवाळ्यात रजेवर गेलो असताना घरी एसी बसवला. आईने त्याला लगेच लेस लावून कव्हर शिवलं. पुढच्या उन्हाळ्यात फोनवर विचारलं, "एसी लावतेस ना?" तर म्हणाली, "तू आला की लावू. आम्हा म्हाताऱ्यांना काय करायची थंडी?" दर मे महिन्यात हेच. आणि मे महिन्यात मी जाणार कसा? सगळ्या बहरीनचे चिलर तेव्हाच बंद पडतात. सुरुवातीला दोनदा रजा मागून पाहिली, नाही म्हणाले. मग मी मागणंच सोडलं. आई एका ऑगस्टमध्ये गेली. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. एसी तसाच, कव्हरमध्ये.

परत आल्यावर हे गाणं झालं. पहिला अंतरा गच्चीवरच्या उन्हाचा, दुसरा आईच्या ओल्या पदराचा, तिसरा त्या कव्हरचा. आणि शेवटचा: मिलिंद सेज, गो होम इन मे. मिलिंद म्हणे, मे महिन्यात घरी जा. इंग्रजी तपासायला मुलीला दाखवलं. ती इथल्याच शाळेत शिकलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. म्हणाली, "बाबा, नोबडी पुट्स देअर ओन नेम इन अ साँग." मी म्हटलं, "आपल्याकडे घालतात." तिने खांदे उडवले.

पहिल्यांदा ते गायलो त्या शुक्रवारी चमचे जरा कमी वाजले. गाणं संपलं आणि छत्रीखालच्या टेबलावरून डेल उठून आला. डेल म्हणजे आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. धिप्पाड, वयस्कर अमेरिकन, इथे कुठल्याशा जहाजांच्या दुरुस्तीचं काम बघायचा. त्याने टोपी काढून छातीशी धरली.

"मेल, तुझ्या मित्राबद्दल ऐकून वाईट वाटलं."

"कुठला मित्र?"

"मिलिंद."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यांच्यासाठी मी मेल. मग हा मिलिंद कोण? गाण्याच्या शेवटी ज्याचं नाव येतं आणि जो शहाणपणाचं बोलतो, तो यांच्या हिशेबात नक्कीच मेलेला असणार. मीच मिलिंद, असं सांगायला तोंड उघडलं होतं. पण समोरच्याने टोपी काढल्यावर त्याला काय सांगणार?

"माझ्या गावचा आहे," मी म्हटलं. "एसी दुरुस्त करतो."

"म्हणजे जिवंत आहे?"

"तब्येत बरी आहे त्याची."

"गॉड ब्लेस हिम," डेल म्हणाला आणि खरोखरच सुटल्यासारखा आपल्या टेबलाकडे गेला.

लोर्ना कीबोर्डवर डोकं टेकून हसत होती. तिला माझं खरं नाव ठाऊक होतं.

त्यानंतर मिलिंदचं प्रस्थ वाढतच गेलं. टिश्यूवर 'मिलिंदचं गाणं' अशी फर्माइश येऊ लागली. एका इंग्रज बाईंनी विचारलं, हे गुरू कुठे असतात, त्यांचा आश्रम आहे का? डेलच्या टेबलावर तर कशालाही मिलिंदचा हवाला. मिलिंद सेज, आणखी एक बिअर घे. मिलिंद सेज, त्या कोळंबीला हात लावू नकोस. मी दोन हात अंतरावर उभा राहून ते सगळं ऐकायचो आणि मनातून सुखावायचो. दादांचं नाव गाळलं गेलं होतं. माझं तर गाणं सोडून बिअरपर्यंत पोचलं होतं.

हे सगळं दादांना सांगावं म्हणून गाणं मोबाईलवर रेकॉर्ड करून ताईला पाठवलं. ताई माझी थोरली बहीण, शिक्षिका होती, आता दादांजवळच राहते. तिने दादांना ऐकवलं आणि फोन लावून दिला. दादा नव्वदीकडे झुकलेत, पण कान शाबूत.

"चाल बरी आहे," ते म्हणाले. "कोरस नाही. आणि शेवटी नाव ऐकलं मी तुझं. काय म्हणतो मिलिंद?"

मी अर्थ सांगितला.

"तू कधी आला रे मे महिन्यात?"

"नाही आलो."

"मग हे कसं म्हणून राह्यला तू?"

दादा रागावले नव्हते, एखादा सुटा भाग तपासावा तसं बोलत होते.

"मी शाळेत धाडा म्हटलं, तेव्हा तुझी ताई शाळेत होती. गल्लीतली पहिली. लोक हसले, तरी होती. नाव घालायचं म्हणजे सही करायची, मिलिंद. तीन अंतरे तुझे आहेत, खरे आहेत. चौथा अजून तुझा नाही."

म्हणजे त्या दिवशी गर्दीत उभे राहिले ते यासाठी. मला वाटत होतं त्यांना नावाची हाव आहे. त्यांना आपल्या सहीची काळजी होती.

तेव्हापासून शुक्रवार कठीण झाला. तीन अंतरे ठीक जायचे, चौथा आला की मान खाली घालून कसाबसा उरकायचो. आई असताना गेलो नाही, आणि आई गेल्यावर जगाला सांगतोय, घरी जा. मला स्वतःची लाज वाटायची. शेवटी एकदा ठरवलं, चौथा गायचाच नाही. तिसरा संपवला आणि गिटार थांबवली. मग डेलने सुरुवात केली, भसाड्या आवाजात, बसल्या जागेवरून: मिलिंद सेज. त्याचं टेबल, शेजारचं टेबल, ती गुरू शोधणारी बाई, सगळ्यांनी चौथा अंतरा पुरा केला. लोर्नाने सूर धरला. मी टोपीत तोंड लपवून उभा. दादांचा अंतरा गर्दी बंद पाडायला बघत होती, माझा गर्दीच मला सोडू देईना.

त्या वर्षी डेल मे महिन्यात दिसला नाही. जूनमध्ये उगवला तो थेट माझ्यापाशी आला. "आईकडे गेलो होतो. वर्षानुवर्षं ख्रिसमसलाच जायचो. मेमध्ये तिच्या अंगणात सफरचंदाला फुलं येतात, ती मी शाळेत असल्यापासून पाहिली नव्हती. मिलिंदला सांग, मी जाऊन आलो."

"सांगतो," मी म्हटलं.

पुढे हॉटेलने शुक्रवारची कंट्री बंद केली. नव्या मॅनेजरला डीजे हवा होता. खलास. माझी नोकरी वर्कशॉपची, मला फरक पडणार नव्हता. डेल मायदेशी परतला होता. लोर्नाला मस्कतच्या एका हॉटेलात काम मिळालं. निघायच्या आधी ती सलमाबादला आली. आम्ही वर्कशॉपबाहेर चहा प्यायलो.

"कुया, मिलिंदचं गाणं मी नेऊ? इथे आता ते कोण गाणार?"

"ने. पण शेवटचा अंतरा गाळ."

"का? लोकांना तेवढाच तर लक्षात राहतो!"

मग मी तिला सगळं सांगितलं. दादा, गर्दी, सही, आणि चौथा अंतरा माझा नाही हेही. तिने चहाचा कप खाली ठेवला.

"म्हणजे तुमच्याकडे जो जे बोलतो, त्याने नाव घालायचं?"

"हो."

"आणि मग तसं वागायचं?"

"दादा तरी असंच म्हणतात."

"बरं," ती म्हणाली. "बघते मी." आणि निघून गेली.

बरेच महिने तिचा पत्ता नव्हता. मग या मार्चमध्ये जेवणाच्या सुट्टीत तिचा व्हिडिओ आला. मस्कतचं हॉटेल, पाठीमागे समुद्र, पुढे जेवणारी माणसं. गच्चीचं ऊन, ओला पदर, कव्हर. मग चौथा अंतरा, नावासकट. मी वैतागलो, सांगूनही ऐकलं नाही म्हणून. पण गाणं थांबलं नाही. तिने पाचवा अंतरा घातला होता, स्वतःचा. त्यात तिची आई होती, बेटावरच्या घराच्या पायरीवर बसलेली. आणि शेवटी, आमच्या रीतीप्रमाणे, तिचं नाव. त्याचा अर्थ असा: लोर्ना म्हणे, मी जाऊन आले. आता लोर्ना विचारते, मिलिंद, तू गेलास का?

मस्कतच्या अनोळखी लोकांनी टाळ्या वाजवल्या. इथे माझा घास तोंडातच राहिला. डबा तसाच झाकून ठेवला आणि उठलो.

आमचा बॉस बहरीनी. बोलतो हिंदीत, नाकारतो अरबीत. मे महिन्याची रजा हवी म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चिलर घरी न्यायला मागतोय.

"मे? मफी! डिसेंबर में जाओ, यल्ला, जितना मंगता."

"डिसेंबर नहीं. मे."

"कौन बीमार है?"

"कोई नहीं. बाप बैठा है घर में. मे में कभी गया नहीं मैं."

"कभी?"

"कभी नहीं."

तो खुर्चीत मागे रेलला. त्याचे वडील रोज दुपारी वर्कशॉपला चक्कर मारायचे, सगळ्यांशी हुज्जत घालायचे. गेल्या वर्षी गेले. "सब चिलर एप्रिल में चेक करके जाना," तो म्हणाला. "और उसको मेरा सलाम बोलना." इतकंच. इतक्या वर्षांनी फक्त पुन्हा एकदा मागायची देर होती. याचा आनंद मानावा की डोकं आपटून घ्यावं, मला कळेना.

मे महिन्यात भुसावळला उतरलो तेव्हा ऊन माझ्याच ओळखीचं होतं. दादा दारात खुर्ची टाकून बसले होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "ये. एसी लाव."

आईने शिवलेलं कव्हर ताईने काढलं, घडी करून कपाटात ठेवलं. मी बटण दाबलं. एसी चालू होईना. बाहेरच्या डब्यात कबुतरांनी संसार थाटला होता, उंदराने वायर कुरतडली होती, कॅपॅसिटर गेला होता. ताई कपाळाला हात लावून बसली. मला मात्र हसू फुटलं. जगात मला एवढं एकच काम नीट येतं. बाजारातून सामान आणलं आणि भर दुपारी शिडीवर चढलो. खाली दादा शिडी धरून. त्यांना त्या शिडीचा आधार होता की शिडीला त्यांचा, देव जाणे. पक्कड मागितली की स्क्रूड्रायव्हर द्यायचे. मधे मधे माझ्या गाण्याची चाल गुणगुणत होते.

उन्हं कलायच्या आत गार हवा आली. आम्ही तिघं आईच्या खोलीत सतरंजीवर बसलो. दादांनी पाय पोटाशी घेतले, ताईने त्यांच्या अंगावर शाल टाकली. एसी बंद करू का विचारलं, तर त्यांनी हात हलवून नको म्हटलं.

"गाणं म्हण," दादा म्हणाले.

गिटार बहरीनला होती. मी सतरंजीवर ताल धरून तसाच गायलो. गच्ची झाली, पदर झाला. कव्हरच्या अंतऱ्याला ताईने डोळे पुसले. तिसरा अंतरा संपला आणि सवयीने माझा आवाज अडखळला. दादांनी शालीतून हात बाहेर काढला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"हां," ते म्हणाले. "आता म्हण."